उतारवयात अचानक सुजलेले सांधे आणि लपलेला कॅन्सर

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे सांधे दुखतात यात नवल काही नाही. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असते, मणक्यांची तीच गत असते, बोटांच्या पेरांवर गाठी आलेल्या असतात. संधिवाताच्या ओपीडीत अशा माणसांची गर्दी असते आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं कारण नेहमीचंच निघतं: झीज, गाऊट, आमवात, नाहीतर एखाद्या औषधाचा परिणाम. हा लेख त्या गर्दीतल्या अगदी मोजक्या लोकांबद्दल आहे. त्यांचे सांधे सुजतात ते शरीरात दुसरीकडेच कुठेतरी वाढत असलेल्या कॅन्सरमुळे, आणि बऱ्याचदा त्या कॅन्सरचा तोवर कोणाला पत्ताही नसतो.

हे प्रकार दुर्मिळ आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दहा वर्षांपासून जिना चढताना गुडघा दुखतोय, म्हणून कोणी कॅन्सरच्या तपासण्या करत सुटू नये. इथे ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे त्याचा ढंगच वेगळा असतो, आणि तो ओळखता येतो.

गाठ एकीकडे, सूज दुसरीकडे

कॅन्सरमुळे सांधा दुखण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक सरळ: कॅन्सरच्या पेशी हाडात किंवा सांध्यात येऊन बसतात. त्यात साधारणपणे एकच जागा दुखते, रात्री जास्त दुखते, आणि एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काहीतरी दिसतं. क्वचित फुप्फुसाच्या कॅन्सरची पेशी बोटाच्या टोकाच्या हाडात जाऊन रुजते. बोट लाल होतं, ठणकतं, आणि पू झालाय असं समजून महिनाभर अँटिबायोटिक चालू राहतं.

दुसरा रस्ता आडवाटेचा आहे, आणि आपला विषय तोच. यात सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर कॅन्सरची एकही पेशी सापडत नाही. गाठ फुप्फुसात, जठरात, प्रोस्टेटमध्ये किंवा अंडाशयात असते. सुजतात मात्र मनगटं आणि घोटे. अशा दूरवरच्या परिणामांना वैद्यकात पॅरानिओप्लास्टिक म्हणतात.

हे घडतं कसं? एकच यंत्रणा नाही. काही गाठी स्वतःच रसायनं रक्तात सोडतात. त्यांतलं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन गाठीला स्वतःसाठी हवं असतं, कारण ते नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतं. पण त्याच प्रथिनामुळे दूरच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि हातापायांत पाणी साठतं. इंटरल्युकिन-६ हे असंच दुसरं रसायन. ताप, थकवा, वाढलेला ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली जळजळ दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या) यांमागे बरेचदा त्याचा हात असतो. काही वेळा दोष रसायनाचा नसतो. प्रतिकारशक्तीने कॅन्सरच्या पेशींवर योग्यच हल्ला चढवलेला असतो, पण त्या पेशींवरच्या खुणा शरीराच्या निरोगी पेशींवरही असतात, त्यामुळे त्याही सापडतात. आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर जळजळ घडवणाऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात, तिथे मध्यस्थाची गरजच उरत नाही.

एका रात्रीत सुजलेले पंजे

१९८५ साली अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० वयस्कर रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या रुग्णांचं दुखणं अचानक सुरू झालं होतं. आमवात हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी पसरतो. इथे मात्र दुखणं नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं ते रुग्ण सांगू शकत होते. दोन्ही हातांचे पंजे सारखेच सुजलेले, अंगठी निघेना, मूठ वळेना. पंजाच्या वरच्या बाजूला बोट दाबलं तर ओल्या मातीत उठावा तसा खड्डा उठायचा आणि काही वेळ तसाच राहायचा. काहींची पावलंही तशीच. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी सगळ्यांची निगेटिव्ह. या आजाराचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक आहे की जगभरचे डॉक्टर त्याला आरएस३पीई एवढंच म्हणतात, आपणही तेच करू.

या आजारात सांध्याच्या अस्तरापेक्षा कंडरांवरची आवरणं जास्त सुजतात. म्हणून सूज एकेका सांध्यापुरती न राहता अख्ख्या पंजावर पसरते. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात, पुरुष जास्त. आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे उपचाराला मिळणारा प्रतिसाद. रोज १० ते २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे तुलनेने कमी मात्रेतलं स्टेरॉइड दिलं की काही दिवसांत हात मोकळे होतात. साधारण वर्ष-दीड वर्षात औषध बंद करता येतं, हाडं कुरतडली जात नाहीत, आणि आजार बहुधा परतत नाही. वयस्कर माणसाच्या वाट्याला येणाऱ्या संधिवातांपैकी हा सुखाचाच म्हणायला हवा.

मग कॅन्सर कुठून आला? मॅकार्टींच्या मूळ वर्णनात तो नव्हता. पुढे जगभरातून अशा रुग्णांच्या नोंदी जमत गेल्या तेव्हा लक्षात आलं की त्यांतल्या काहींना त्याच सुमारास प्रोस्टेट, जठर, मोठं आतडं अशा अवयवांचा कॅन्सर किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघतोय. कधी सांधे सुजण्याआधी, कधी बरोबरीने, कधी काही महिन्यांनी. या रुग्णांच्या रक्तात व्हीईजीएफ वाढलेलं असतं हेही दिसलं, आणि त्या पाझरणाऱ्या सुजेचा अर्थ लागला. ज्यांच्यामागे कॅन्सर होता त्यांचं वागणं मात्र वेगळं होतं. त्यांना ताप यायचा, वजन घटायचं, आणि मुख्य म्हणजे इतरांना हमखास लागू पडणारं ते कमी मात्रेचं स्टेरॉइड त्यांना नीट लागू पडत नव्हतं. मात्रा वाढवावी लागायची, कमी केली की सूज पुन्हा हजर. कॅन्सरचा उपचार झाला की मात्र सूज ओसरायची.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. या आजारांत निदानाची एकच अशी पक्की रक्ततपासणी नाही. पण औषधाला मिळणारा प्रतिसाद हीसुद्धा एक तपासणीच असते, आणि ती फुकट होते. आरएस३पीईचा रुग्ण दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर डोस वाढवण्याआधी आपण नक्की कशावर उपचार करतोय, हा प्रश्न विचारायला हवा.

एक छोटी पुस्ती जोडतो. हातापायांवर अशीच खड्डा पडणारी सूज डायबेटिसच्या काही औषधांनीही आल्याच्या नोंदी आहेत. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या जातीच्या गोळ्यांमुळे तीव्र सांधेदुखी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २०१५ मध्ये दिला होता. म्हणजे कॅन्सर शोधायला निघण्याआधी गोळ्यांचा डबा उघडून बघावा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

नखं, नडग्या आणि फुप्फुस

दुसरा प्रकार फार जुन्या ओळखीचा आहे. छातीत पू झालेल्या रुग्णांची बोटांची टोकं फुगतात आणि नखं वाकतात, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या लिखाणात सुमारे २४०० वर्षांपूर्वी नोंदलेलं आहे. डॉक्टर याला क्लबिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातले बॅम्बर्गर आणि फ्रान्समधले प्येर मारी यांनी त्याच्या जोडीला हाडांचं आणि सांध्यांचं दुखणंही असतं हे मांडलं. मारींनी १८९० मध्ये दिलेलं लांबलचक नाव आज थोडं आटोपशीर झालंय: हायपरट्रॉफिक ऑस्टिओआर्थ्रोपॅथी.

रुग्णाला वाटतं घोटे आणि गुडघे दुखतायत. नीट चाचपून पाहिलं तर खरी दुखरी जागा सांध्यात नसते, सांध्याच्या वर किंवा खाली, लांब हाडांवर असते: नडगीवर, मनगटाच्या वरच्या भागात. हाडाला झाकणारं आवरण सुजतं आणि त्याखाली नव्या हाडाचा पातळ थर चढू लागतो. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला समांतर रेघ दिसते. ठणका खोल असतो, पाय लोंबते ठेवले की वाढतो, वर घेतले की थोडा उतार पडतो. सांध्यात पाणी झालंच तर ते काढून पाहिल्यावर त्यात जळजळीच्या पेशी अगदी थोड्या असतात, आमवातासारख्या नसतात.

वयस्कर माणसात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यात, क्लबिंग नव्याने दिसू लागलं आणि नडग्या दुखू लागल्या, तर छातीचा एक्स-रे आणि बहुधा सीटी स्कॅन त्याच आठवड्यात व्हायला हवा. फुप्फुसाच्या कॅन्सरशी, त्यातही अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकाराशी याचं नातं घट्ट आहे. क्लबिंगची इतरही कारणं असतात (फुप्फुसाचे जुनाट संसर्ग, हृदयाचे जन्मजात दोष, यकृताचे आजार, काही घराण्यांत नुसताच वारसा), पण त्यांत ते बहुतेक वर्षानुवर्षांचं असतं. नवं आणि दुखरं क्लबिंग ही वेगळी गोष्ट आहे.

क्लबिंग घरच्या घरी पाहण्याची एक रीत आहे. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची शेवटची पेरं नखाला नख लावून एकमेकांवर टेकवायची. निरोगी हातात नखांच्या मुळाशी एक लहानशी, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची फट दिसते. क्लबिंग असेल तर ती बुजते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये ही खूण मांडली. त्यांना स्वतःला हृदयाच्या झडपेचा संसर्ग झाला होता, आणि तो काळ त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघण्यात सत्कारणी लावला.

फुप्फुसातल्या गाठीचा बोटांच्या टोकांशी काय संबंध, याचं एक सुरेख स्पष्टीकरण १९८७ मध्ये पुढे आलं. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशी रक्तातून जाताना फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि तुटून त्यांच्या प्लेटलेट होतात. फुप्फुसातली वाट बिघडली की त्यांतल्या काही अखंडच पुढे सुटतात, प्रवाहाच्या शेवटी म्हणजे बोटांच्या टोकांत अडकतात, आणि तिथे वाढीची रसायनं सोडतात. त्यांत व्हीईजीएफही असतं. याखेरीज प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रसायनाचाही वाटा आहे. घराण्यात चालत येणाऱ्या क्लबिंगमध्ये हेच रसायन मोडणारं विकर सदोष असतं, हे २००८ मध्ये सापडलं.

गाठ शस्त्रक्रियेने काढली की नडग्यांचा ठणका कधीकधी एक-दोन दिवसांत थांबतो. छातीला टाके आहेत, नळी लावलेली आहे, आणि रुग्ण सांगतोय की पाय दुखायचे थांबले. नखांचा आकार मात्र सावकाश पूर्ववत होतो. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर साध्या वेदनाशामक गोळ्या आणि हाडांसाठी दिली जाणारी झोलेड्रोनेटसारखी इंजेक्शनं बऱ्यापैकी आराम देतात.

बाकीची मंडळी, थोडक्यात

कार्सिनोमॅटस पॉलिआर्थ्रायटिस या भारदस्त नावाच्या आजारात एकदम अनेक सांधे सुजतात, पण आमवाताच्या शिस्तीने नाही. आमवात दोन्ही बाजूंना सारखा आणि हाताच्या लहान सांध्यांत असतो. हा बरेचदा एकाच बाजूला जास्त, पायांच्या मोठ्या सांध्यांत, हाताचे लहान सांधे सोडून. स्त्रियांमध्ये त्यामागे स्तनाचा कॅन्सर प्रामुख्याने आढळतो, पुरुषांमध्ये फुप्फुसाचा. सांधे आणि कॅन्सर या दोन निदानांमधलं अंतर बहुधा वर्षाच्या आतलं असतं.

तळहातांचा एक आजार १९८२ मध्ये वर्णिला गेला. रजोनिवृत्तीनंतरच्या सहा स्त्रिया, सगळ्यांना अंडाशयाचा कॅन्सर, आणि सगळ्यांचे तळहात आतून कडक होत चाललेले. कातडीखालचा चिवट पडदा जाड होतो, बोटं आत वळतात, सरळ होत नाहीत, खांदेही धरतात. एका हाताची करंगळी-अनामिका वर्षानुवर्षांत हळूहळू वळत जाणं हा वेगळा आणि निरुपद्रवी आजार आहे. इथे दोन्ही हात काही आठवड्यांत आखडतात. दुर्दैवाने हे दिसेपर्यंत कॅन्सर बरेचदा पुढे गेलेला असतो, आणि स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही.

स्वादुपिंडाच्या एका कॅन्सरची तऱ्हा आणखी निराळी. गाठीतून लायपेज हे चरबी पचवणारं विकर थेट रक्तात येतं आणि जिथे चरबी असेल तिथे तिला विरघळवायला लागतं. नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी येतात, फुटून त्यांतून तेलकट द्रव झिरपतो, घोटे-गुडघे सुजतात. पोटात दुखत नसल्यामुळे स्वादुपिंडाकडे लक्ष जात नाही. रक्तातलं लायपेज मोजलं तर उलगडा होतो, पण ते मोजायचं सुचायला हवं.

नखांच्या कडेने मण्यांसारख्या बारीक पुटकुळ्यांची ओळ आणि सांधे झपाट्याने नष्ट करणारा संधिवात, ही जोडी मल्टिसेंट्रिक रेटिक्युलोहिस्टिओसायटोसिसची. नाव विसरलं तरी चालेल. साधारण चारातल्या एका रुग्णात कॅन्सर सापडतो एवढं पुरे. डर्मॅटोमायोसायटिस मुळात स्नायू आणि त्वचेचा आजार आहे, पण सांधेही दुखतात म्हणून रुग्ण संधिवाताच्या दारात येतो. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे, खुर्चीतून उठताना मांड्यांत त्राण नाही. प्रौढ रुग्णात हा आजार निघाला की कॅन्सर शोधणं हा उपचाराचाच भाग धरतात, विशेषतः रक्तात टीआयएफ१-गॅमा या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्येही सांधे सुजतात. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी एक प्रथिन तयार करतात, ते अमायलॉइड होऊन सांध्यांभोवती साठतं. खांदे भरदार दिसू लागतात, जीभ मोठी होते, दोन्ही मनगटांत नस दबून बोटं बधिर होतात. हे सगळं एकाच माणसात, आणि सोबत अ‍ॅनिमिया, असं दिसलं तर एका रक्ततपासणीने, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसने, बरंच काही कळतं.

या यादीतला सर्वांत नवा सदस्य २०२० सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. निदान न लागलेल्या २५०० हून अधिक रुग्णांची जनुकं आधी तपासली आणि समान बिघाड असलेले रुग्ण मग एकत्र केले. २५ पुरुष निघाले, सगळ्यांच्या यूबीए१ या जनुकात दोष. हा दोष जन्मजात नसतो, उतारवयात अस्थिमज्जेच्या पेशींत निर्माण होतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुषच. सतत येणारा ताप, कानाची कूर्चा लाल होऊन सुजणं, पुरळ, सांधेदुखी, आणि तांबड्या पेशींचा आकार वाढलेला अ‍ॅनिमिया. याचं नाव वेक्सास. यातल्या बऱ्याच रुग्णांना मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हा अस्थिमज्जेचा आजार असतो किंवा पुढे होतो. याआधी हेच पुरुष वर्षानुवर्षं चार वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे चार वेगवेगळी निदानं घेऊन फिरत होते.

शंका कशावरून घ्यायची

पॉलिमायाल्जिया रूमॅटिका हा पन्नाशीनंतरचा नेहमीचा आजार आहे. सकाळी खांदे आणि कंबर इतकी धरतात की केस विंचरायला हात वर जात नाही, अंथरुणातून उठताना कुशीवर वळावं लागतं. ईएसआर वाढलेला असतो, आणि १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने काही दिवसांत चमत्कार वाटावा असा फरक पडतो. हा आजार कॅन्सरमुळे होत नाही. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असं दिसलं की हे निदान झाल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत कॅन्सर सापडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं, आणि नंतर फरक उरला नाही. याचा सरळ अर्थ असा लागतो की काहींना पॉलिमायाल्जिया नव्हताच. कॅन्सर त्याचं सोंग घेऊन आला होता, आणि सहा महिन्यांत उघडा पडला.

सोंग ओळखायचं तर खऱ्या आजाराची चाल माहीत हवी. दुखणं फक्त एका बाजूला, ईएसआर अगदी नॉर्मल किंवा शंभराच्याही वर, औषधाला प्रतिसाद अर्धामुर्धा, असं काही असेल तर थांबावं. त्यात कारण नसताना पाच-सात किलो वजन उतरलं, रात्री घामाने कपडे बदलावे लागतात, शौचातून किंवा लघवीतून रक्त जातं, नवा खोकला लागलाय, काखेत-मानेत गाठी लागतात, यांतलं काही जोडीला असेल तर शंका दाट होते. एकेकटं लक्षण फारसं बोलत नाही. म्हातारपणी आमवातही अचानक, तापासह आणि वजन घटवत सुरू होऊ शकतो, त्यामुळे तज्ज्ञसुद्धा चकतात.

आरए फॅक्टरच्या रिपोर्टवर विसंबू नये. निरोगी ज्येष्ठांतही तो पॉझिटिव्ह येतो, काही कॅन्सरमध्येही येतो. आमवाताची दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, त्यापेक्षा भरवशाची, पण तीही शंभर टक्के नाही.

इथे स्टेरॉइडबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. सांधे सुजले की तपासणीआधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या देण्याची सवय सर्रास आहे. रुग्ण खूश होतो, दोन महिने जातात. पण लिम्फोमासारखा आजार असेल तर स्टेरॉइडने गाठी तात्पुरत्या आक्रसतात, आणि नंतर बायॉप्सी घेतली तर पॅथॉलॉजिस्टला नीट वाचता येत नाही. डॉक्टरांना 'आधी रक्त तपासू का?' एवढं विचारण्यात वावगं काही नाही. अपवाद एकच: पॉलिमायाल्जियाच्या रुग्णाला नवी डोकेदुखी किंवा नजरेत अंधारी आली, तर डोळा वाचवण्यासाठी स्टेरॉइड तातडीने द्यावंच लागतं.

तपासण्या किती करायच्या

सुरुवात साधीच असते: पूर्ण रक्तगणना, ईएसआर, सीआरपी, किडनी-यकृत, कॅल्शियम, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. अंगभर हात फिरवून केलेली तपासणी यांत धरावी; स्तन, मान, काख, पोट आणि गुदद्वारातून प्रोस्टेट. वयानुसार ज्या चाचण्या तशाही व्हायला हव्यात त्या राहून गेल्या असतील तर त्या आता उरकाव्यात: मॅमोग्राफी, शौचातल्या छुप्या रक्ताची चाचणी किंवा कोलोनोस्कोपी. पुढचं सगळं पहिल्या तपासणीत काय सापडलं त्यावर. शंका दाट असेल तर सीटी किंवा पेट स्कॅन. प्रत्येक सुजलेल्या सांध्यासाठी पेट स्कॅन करणं मात्र अतिरेक आहे.

ट्यूमर मार्करच्या, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा मोजणाऱ्या चाचण्यांच्या, पॅकेजचा मोह आवरावा. सीए-१२५, सीईए यांसारख्या चाचण्या ज्ञात कॅन्सरवर लक्ष ठेवायला उत्तम आहेत, पण अज्ञात कॅन्सर शोधायला वाईट. पोटातल्या साध्या सुजेने, यकृताच्या आजाराने किंवा सिगरेटमुळेही यांतले आकडे वाढतात. मग त्या आकड्याचा पाठलाग सुरू होतो. उलट आकडे नॉर्मल आले तर खोटा दिलासा मिळतो.

पहिल्या फेरीत काहीच सापडलं नाही, असं खूपदा होतं. बहुतेकांत सापडण्यासारखं काही नसतंच. संधिवाताचा उपचार सुरू ठेवायचा, आणि पुढची दोनेक वर्षं वजन, हिमोग्लोबिन आणि औषधाचा लागणारा डोस यांची नोंद ठेवायची. यांतलं काही चुकीच्या दिशेने सरकलं तर पुन्हा शोध घ्यायचा. ही नोंद घरच्या माणसांनी ठेवली तर जास्त नीट राहते, कारण रुग्ण प्रत्येक वेळी नव्या डॉक्टरसमोर बसण्याची शक्यता असते.

ज्यांचा कॅन्सर आधीच माहीत आहे

कॅन्सरचा उपचार चालू असताना सांधे धरले तर कारण उलट्या बाजूचंही असू शकतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी जवळपास निम्म्या स्त्रियांना सांधेदुखी आणि सकाळचा ताठरपणा जाणवतो. त्या कंटाळून गोळीच सोडून देतात, आणि ते धोक्याचं आहे. औषध बदलून, व्यायामाने, काही वेळा दुसरी गोळी जोडून मार्ग निघतो. प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी इम्युनोथेरपीची औषधं खराखुरा संधिवात सुरू करू शकतात, आणि तो इंजेक्शनं थांबल्यावरही रेंगाळतो. तिथे कर्करोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून औषधं ठरवावी लागतात, कारण सांध्यांसाठी दिलेलं जास्त स्टेरॉइड कॅन्सरच्या औषधाची धार बोथट करू शकतं.

आणि ज्यांचे सांधे कॅन्सरमुळेच सुजले होते, गाठ काढल्यावर बरे झाले होते, त्यांना ती सूज काही वर्षांनी जशीच्या तशी परत दिसली, तर पुढच्या फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता कर्करोगतज्ज्ञांना फोन करावा. तो कॅन्सरच परतलाय असं नाही, वयाबरोबर येणारी साधी झीजही त्याच सांध्यांत येऊ शकते. पण झीज एका रात्रीत येत नाही, आणि ताप आणत नाही.